चेंडू भुईला लागू नये म्हणून

आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यात मानाची जागा देव्हाऱ्याची नव्हती, चुलीचीही नव्हती. ती होती ट्रंकेवरच्या तांब्याची. ट्रंकेवर एक वाटी उपडी घालायची, तिच्या बुडावर अर्धा भरलेला तांब्या ठेवायचा आणि तांब्याच्या तोंडावर फुलपात्र. जमीन जराशी जरी हलली तरी हा सगळा डोलारा कोसळावा, त्याचा खणखणाट व्हावा आणि माणसांनी बाहेर पळावं, अशी त्यामागची योजना. कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे, पण भूकंपानंतर आमच्या गावच्या एकूण एक शेडमध्ये ती होती. अव्वा, म्हणजे माझी आई, उठल्या उठल्या आधी तांब्याकडं बघायची आणि मग आमच्याकडं. तांब्या जागेवर दिसला की चूल पेटायची. माझ्या मुलाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. त्याचा जमिनीवर भरवसा आहे ही चांगलीच गोष्ट आहे. मी आयुष्यभर बास्केटबॉलवर पोट भरलं, म्हणजे भुईवर चेंडू आपटायची नोकरी केली. त्या नोकरीची सुरुवात अशा गावात झाली जिथं भुईवर काही आपटायची चोरी होती, हे त्याला गमतीचं वाटतं. मला अजून तितकंसं वाटत नाही.

आमचं गाव उमरग्याच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि घाबरल्यावर जी आधी तोंडात येईल ती. घरं सगळी दगडमातीची, वर माळवद, म्हणजे लाकडाच्या तुळयांवर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार म्हणून आम्ही त्या माळवदाचं कौतुक करायचो. त्या रात्री गाव गणपती बोळवून आलं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी अंगणात बैलगाडीशेजारी झोपलो होतो, अव्वा म्हैस का ओरडते बघायला बाहेर आली होती, आणि माझी थोरली बहीण सुवर्णा आत होती. त्याबद्दल मी एवढंच लिहीन की दाराची चौकट पिळवटली आणि दार उघडलं नाही. अव्वानं ते नखं निघेपर्यंत ओढलं, आणि मग माळवद आलं. पुढं आमच्या घरात सुवर्णाचं नाव कुणी घेत नसे. तिचा विषय आला की अप्पा “ती” म्हणायचे आणि अव्वा उठून बाहेर जायची.

शेडमध्ये आम्ही राहायला गेलो ते काही महिन्यांसाठी म्हणून, आणि राहिलो कितीतरी वर्षं. पत्रा हा फार बोलका असतो. सकाळी ऊन चढलं की तो टण्णकन वाजायचा, संध्याकाळी निवला की पुन्हा वाजायचा, आणि प्रत्येक वेळी बायकांचे हात कामावरच थांबायचे. हमरस्त्यावरून जड ट्रक गेला तरी कळायचं. तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची आणि अव्वा ती बोटावर बोट दाबून बघत राहायची. कुत्री एकदम भुंकली तरी भीती, अजिबात भुंकली नाहीत तरी भीती. मधूनच कुणीतरी बातमी आणायचं की अमुक अमावास्येला भूकंप परत येणार आहे. मग गावाचं गाव दिवसभर उघड्या माळावर बसून राहायचं. बायका बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घ्यायच्या, कारण ती जोडी आठवडाभर टिकते. लांबून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं की गाव जेवायला आलंय. पण जेवताना कुणी मांडी घालून बसत नसे. सगळे उकिडवे, उठायच्या तयारीत. मला अजूनही मांडी घालून जेवता येत नाही.

आणि चेंडू आला तो मदतीच्या ट्रकमधून. देशभरातल्या लोकांनी आमच्यासाठी जे हाताला लागेल ते पाठवलं होतं. लोकरीच्या टोप्या आल्या, गळ्यात बांधायचे टाय आले, उंच टाचांच्या बायकी चपला आल्या. त्यातली एक जोडी आमच्या शेजारची शरणाक्का शेतात घालून गेली आणि ढेकळांत रुतून बसली. त्या ढिगात हा नारिंगी, जाडजूड, अंगावर खवले असलेला चेंडू होता. फुटबॉल समजून पोरांनी लाथ मारली आणि पायाची बोटं चोळत बसली. शाळेतल्या बिराजदार सरांनी तो ओळखला. त्यांनी कॉलेजात असताना हा खेळ लांबून पाहिला होता, एवढीच त्यांची पात्रता. त्यांनी ढिगारे उपसायच्या घमेल्यांपैकी एकाचं बूड छिन्नीनं कापून काढलं, ते बाभळीच्या खांबाला ठोकलं, आणि वर्गातली सगळ्यात उंच पोरगी म्हणून मला पुढं ओढलं. मी उंच होते याची मला तोवर लाजच वाटायची. चेंडू पहिल्यांदा त्या घमेल्यातून सरळ खाली आला तेव्हा माझ्या पोटात काहीतरी लख्ख झालं. सुवर्णा गेल्यापासून मला पहिल्यांदाच पुन्हा एखादी गोष्ट करून बघावीशी वाटली.

पण त्याच संध्याकाळी मी तो चेंडू घरी आणला आणि शेडच्या मागं आपटून बघितला. मला फक्त तो हातात परत कसा येतो ते पाहायचं होतं. धप, धप, धप. शरणाक्काच्या शेडमध्ये तांब्या पडला. तो खणखणाट ऐकून पलीकडच्यांनी स्वतःच्या तांब्याकडं न बघताच आरडाओरड केली, आणि बघता बघता सगळी वसाहत रस्त्यावर. कुणी पीठ भरल्या हातांनी, कुणी अंगाला साबण लावलेला, म्हातारे काठ्या विसरून. अव्वानं मला शोधत शोधत येऊन असं घट्ट धरलं की माझा श्वास कोंडला. माझ्या काखेत चेंडू होता. सगळ्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर कुणीही हसलं नाही. एखाद्या दुसऱ्या गावात हसले असते.

अप्पांना लोकांनी तिथंच उभं करून जाब विचारला. शरणाक्का पुढं झाली. “अप्पाराव, पोरीला खेळू नगं म्हणत न्हाय आमी,” ती म्हणाली, “पर आमचा जीव हितं वाटीवर ठेवल्याला हाय. त्यो चेंडू भुईला लागला न्हाय पायजे.” अप्पा तसे मवाळ, शब्द कमी वापरणारे. त्यांनी चेंडू हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि मला म्हणाले, “ऐकलंस न्हवं नंदा? वर टाक, कितीबी टाक. खाली पडू द्यायचा न्हाय. पडला की खेळ बंद.” असा निवाडा झाला.

म्हणून मी बास्केटबॉल शिकले तो असा. घमेल्याकडं चेंडू फेकायचा आणि तो भुईला टेकायच्या आत धावत जाऊन, उडी मारून, लोळण घेऊन तो धरायचा. घमेलं खऱ्या कडीपेक्षा लहान, त्यामुळं दहातले बहुतेक चेंडू काठावर आपटून कुठंही उडायचे. ते कुठं उडणार हे चेंडू हातातून सुटल्या सुटल्या ओळखावं लागायचं. ओळखलं नाही तर शरणाक्काचा तांब्या पडणार, लोक पळणार आणि माझा खेळ बंद होणार. या खेळात चेंडू आपटत पळायचं असतं हे मला सरांनी सांगितलं होतं, पण त्यासाठी मी शेतात जायचे आणि आमच्या काळ्या रानात चेंडू आपटला की तो तिथंच बसायचा, ढेकळात, म्हशीसारखा. पुढं एका सरकारी खात्याच्या संघात मी पगारी खेळाडू झाले तेव्हा वर्तमानपत्रवाले विचारायचे, कडीवरून परत आलेला चेंडू पकडण्यात तुमचा हात कुणी धरत नाही, हे कुठं शिकलात? मी काहीतरी सरावाबिरावाचं सांगायची. खरं उत्तर भीती हे होतं, पण ते छापायला बरं दिसलं नसतं.

उमरग्याला शाळांचे सामने झाले तेव्हा मी पहिल्यांदा सिमेंटचं मैदान आणि खरी कडी पाहिली. कडी एवढी मोठी वाटली की त्यातून चेंडू चुकणार कसा हेच मला कळेना. चेंडू आपटत पळणं मात्र मला येत नव्हतं. दोनदा तो माझ्याच पायावर आपटून बाहेर गेला आणि लोक हसले. पण कडीवरून उडालेला एकही चेंडू मी खाली पडू दिला नाही. तिथं शहरातून आलेल्या पाटणकर मॅडम होत्या, केस कापलेल्या, गळ्यात शिट्टी. सामना संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “मुली, चेंडू खाली पडला तर तुला कुणी मारतं का गं?” मी म्हटलं, “न्हाय, पण समदे पळत्यात.” त्यांना काही बोध झाला नसावा. पण त्यांनी बिराजदार सरांना सांगितलं की शहरात निवडीचा सामना आहे, तिला घेऊन या. निवड झाली तर खेळाच्या वसतिगृहात राहायचं, तिथंच शिकायचं, तिथंच खेळायचं. आणि नाही झाली तर दहावीनंतर माझं काय होणार हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं. शरणाक्काच्या भाच्याचं स्थळ येऊन बसलेलंच होतं.

अप्पांनी सरांना एकच प्रश्न विचारला. “त्या वसतिगृहाला वर काय हाय?” सर म्हणाले, “स्लॅब. तीन मजली इमारत आहे.” अप्पांनी मान हलवली. “मग न्हाय जमायचं सर. पोरगी स्लॅबखाली निजणार न्हाय. आमी पत्र्याखाली हाव ते काय हौस म्हून न्हाय.” सरांनी पक्क्या बांधकामाबद्दल, लोखंडाच्या सळयांबद्दल पुष्कळ सांगितलं. अप्पा ऐकत राहिले आणि मान हलवत राहिले. मी चुलीवर हुलग्याचं माडगं ढवळत होते. मला जायचं होतं, आणि मला त्या स्लॅबची अप्पांपेक्षाही जास्त भीती वाटत होती. दोन्ही एकाच पोटात मावत नव्हतं. आणि मग अव्वा बोलली, जी भूकंपानंतर साध्या देवळाच्या गाभाऱ्यातही पाय टाकत नव्हती. “म्या संगं जाते,” ती म्हणाली. “म्या छत बघते. बरं वाटलं तर ठेवते, न्हाय तर हाताला धरून माघारी आणते.” अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. ती पदर खोचून भाकरी थापायला बसली, आणि त्या दिवशी तिच्या दोन भाकरी परातीतच फाटल्या.

एसटीनं आम्ही गेलो. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, माझे कॅनव्हासचे बूट, आणि तळाशी वाटी, तांब्या, फुलपात्र. मी म्हटलं, “अव्वा, तांब्या कशाला गं?” ती म्हणाली, “पाणी प्यायला.” खोटं बोलताना ती खिडकीबाहेर बघायची. सामना होता तो हॉल म्हणजे मी तोवर पाहिलेली सगळ्यात मोठी बंद जागा. वर छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, तीन बाजूंनी लाकडी पायऱ्यांची गॅलरी, आणि एका बाजूला रुळावर सरकणारं जाडजूड लोखंडी दार. अव्वानं आत यायच्या आधी बाहेरून सगळ्या भिंतींना हात लावून बघितला. खांबावर बुक्की मारली. दारावरच्या रखवालदाराला विचारलं, “दादा, हे कवा बांधलं? पडलंबिडलं हुतं का कवा?” तो म्हणाला, “मावशी, इथं आजवर फक्त पोरी पडल्यात.” तिला ते विनोदी वाटलं नाही. ती दाराच्या सगळ्यात जवळच्या पायरीवर जाऊन बसली, आणि मी बूट बांधत असताना पाहिलं, तिनं शेजारी वाटी उपडी घातली, तांब्या ठेवला, वर फुलपात्र.

मी खेळायला उतरले. खाली लाकडी जमीन होती. लाकडावर एक चेंडू आपटला तरी तळपायाला कळतो, आणि तिथं दहा पोरी पळत होत्या. प्रत्येक धपक्याला माझ्या मानेवर काटा यायचा. मी सारखी वर बघत होते, कडीकडं नव्हे, त्या कैच्यांकडं. मॅडम ओरडत होत्या, “अगं, चेंडूकडं बघ!” दुपारचं ऊन उघड्या दारातून सरळ पोरींच्या डोळ्यांत येत होतं म्हणून पंचांनी रखवालदाराला खूण केली, आणि त्यानं ते लोखंडी दार ओढून घेतलं. घडघडत ते बंद झालं. मी अव्वाकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

त्याच सुमाराला गॅलरीतल्या एका शाळेच्या पोरांनी आपल्या संघाला जोर यावा म्हणून पाय आपटायला सुरुवात केली. सगळ्यांनी एकदम, लाकडी पायऱ्यांवर. हॉल गडगडला. तसाच, अगदी तसाच आवाज, खालून वर येणारा. आणि त्या गडगडाटात मला खणखण ऐकू आली. अव्वाचा तांब्या पडला होता आणि पायऱ्यांवरून उड्या घेत खाली येत होता. माझ्या हातात चेंडू होता. मी तो टाकला. त्या क्षणी मी खेळाडू नव्हते, निवड नव्हती, काही नव्हतं. अव्वा मैदानातून अनवाणी धावत आली, पोरींच्या मधून, पदर सुटलेला, आणि माझं मनगट धरून किंचाळली, “होरग बा! नंदा, होरग बा!” बाहेर ये. आणि मी पळाले. आम्ही दोघी पंचांना ढकलून दारापाशी पोचलो, आणि दार बंद होतं.

तिनं दोन्ही हातांनी ओढलं. ते जड होतं, त्याला खाली खिटी होती, आणि ती आम्हाला दिसत नव्हती. अव्वाच्या तोंडातून शब्द येत नव्हते, नुसता एक आवाज येत होता. तसा आवाज मी तिच्या तोंडून त्याआधी एकदाच ऐकला होता. मी दारावर मुठी मारत होते. मी मरणार असं मला वाटत नव्हतं, मला ठाऊकच होतं. मग रखवालदार धावत आला, त्यानं खिटी काढली, दार सरकलं, आणि आम्ही उन्हात जाऊन पडलो.

बाहेर काहीच झालं नव्हतं. समोर लिंबाचं झाड होतं आणि त्याचं एक पानही हलत नव्हतं. एक म्हातारा शेंगा भाजत होता, तो आमच्याकडं बघत राहिला. आतून हसण्याचा आवाज आला, आधी थोडा, मग भरपूर. अव्वानं ते झाड बघितलं, तो म्हातारा बघितला, जमिनीवर तळहात टेकून बघितला. मग हळूच पदर डोक्यावर घेतला. मला अशी लाज वाटली की जमीन खरोखरच दुभंगली असती तर बरं झालं असतं. पाटणकर मॅडम बाहेर आल्या. चिडूनच आल्या होत्या, पण आमच्याकडं बघून खाली बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, काय झालं?”

अव्वा त्यांच्याकडं न बघता बोलली. “दार उघडलं न्हाय, बाई. तवाबी उघडलं न्हवतं. माझी थोरली आत हुती. कुत्रं आत शिरंल म्हून म्याच ओढून घेतलं हुतं दार, म्हशीकडं जाताना. म्याच. सुवर्णा आतून म्हणत हुती, अव्वा दार काढ, अव्वा दार काढ.” ते नाव मी तिच्या तोंडून किती काळानं ऐकत होते ते मला सांगता येणार नाही. आणि दार तिनंच ओढलं होतं हे तर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, ना अप्पांना, ना मला. ते तिनं एकटीनं वागवलं होतं. मी तिच्या हाताला धरलं. मला तिची अशी काही कीव आली, असं काही प्रेम वाटलं, की मी मोठ्यानं रडले.

मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठल्या. “खेळ थांबवलाय,” त्या मला म्हणाल्या. “आता येत असलीस तर ये. नसशील तर कुणी तुला नावं ठेवणार नाही, पण मला दुसरी मुलगी उतरवावी लागेल. मग निवडीचं माझ्या हातात काही राहणार नाही.” मी त्या दाराकडं बघितलं. आत अंधार दिसत होता. मी मान हलवली, अप्पांसारखी. “अव्वा, घरी जाऊ,” मी म्हटलं. “मला न्हाय जायचं आत. खरंच न्हाय.” आणि मला खरंच जायचं नव्हतं. तेव्हा आम्ही एसटी धरली असती तर हे प्रकरण लिहायला मी उरले नसते, म्हणजे जिवंत असते, पण ही मी नसते.

अव्वानं डोळे पुसले. तिनं माझ्या बुटाची सुटलेली नाडी बघितली, खाली वाकून ती बांधली, नको तितकी घट्ट. “जा,” ती म्हणाली. मी म्हटलं, “तुला भ्या वाटत न्हाय?” ती म्हणाली, “वाटतंय की. लई वाटतंय. तू जा. म्या हितं दारात बसते.” शेंगा भाजणाऱ्या म्हाताऱ्याच्या चुलीशेजारी जळणाची लाकडं पडली होती. तिनं त्याला न विचारता त्यातलं एक जाडजूड उचललं, दाराच्या रुळात आडवं ठोकून बसवलं, आणि उंबऱ्यावर पाय पसरून बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

मी आत गेले. लोक हसले, मग थांबले. पोरांनी पुन्हा पाय आपटायला सुरुवात केली आणि हॉल पुन्हा गडगडला. माझी नजर पुन्हा वर कैच्यांकडं गेली. ती नंतरही दर वेळी जात राहिली, शेवटच्या सामन्यापर्यंत, एवढं कबूल करायला आता हरकत नाही. भीती गेली म्हणून मी खेळले नाही. प्रत्येक हॉलमध्ये उतरल्यावर मी आधी दार कुठं आहे ते बघायची आणि मग कडी. सोबतच्या पोरी त्याला माझी पूजा म्हणायच्या. ज्या सामन्यांना अव्वाला येता आलं, त्या प्रत्येक सामन्यात ती दारात बसली. आतल्या खुर्चीवर ती कधीच बसली नाही, मी संघाची कर्णधार झाले त्या दिवशीसुद्धा नाही. तिनं माझा अख्खा खेळ तिरका, एका बाजूनं पाहिला.

पण त्या दुपारी मी एवढंच केलं की मान वळवून दाराकडं बघितलं. उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्यात अव्वाचे अनवाणी पाय दिसत होते. मग कुणीतरी कडीवर चेंडू फेकला, तो काठावर आपटून माझ्या डाव्या हाताला उडाला, आणि तो कुठं जाणार ते मला आधीच कळलं होतं. मी तो भुईला लागू दिला नाही. पुढचाही नाही. त्याच्या पुढचाही नाही. ऊन पोरींच्या डोळ्यांत यायला लागलं तेव्हा पंचांनी पुन्हा खूण केली, आणि रखवालदार दारापाशी गेला. “ओ मावशी, पाय घ्या आत नाय तर बाहेर,” तो म्हणाला. “दार लावायचंय.” मी चेंडू हातात धरून उभी राहिले. सगळा हॉल दाराकडं बघत होता. अव्वा जागची हलली नाही. तिनं एक हात त्या लाकडावर ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाली, “दार लावायचं न्हाय, दादा. माझी पोरगी आत हाय.”